तुझ्यापायी

चुलीवर दोन मडकी होती. मोठ्यात आम्हा दोघींची पेज आणि धाकट्यात यांची. धाकटं उचलायला मी वाकले, तोच सासूनं माझं मनगट धरलं.

"ते नको. ते त्याचं हाय."

"आगरावर न्यायचंय ना, आत्या? मी नेते. ऊन झालंय."

"मी नेनार."

तिनं मडक्याच्या तोंडाला फडकं बांधून गाठ मारली. गाठीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं. घरात मांजर शिरलं की बाई दुधाच्या भांड्याकडे बघते, तसं. मग चुंबळ डोक्यावर ठेवून ती खाडीच्या बांधानं निघून गेली.

घरात आम्ही तिघंच. सासू चांगुणा, तिला मी आत्या म्हणायची. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. आणि हे. यांचं नाव जोमा. त्या काळी बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नव्हती. म्हातारपणी लिहायला शिकले तेव्हा पहिल्यांदा पाटीवर घेतलं.

गाव मिठागरांचं. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळीच्या दारातून, आत घ्यायचं, वाफ्यांत सोडायचं, उन्हानं आटलं की लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढून कडेला रास करायची. कार्तिकापासून वैशाखापर्यंत बापये घोट्याइतक्या खाऱ्या पाण्यात उभे. माझं माहेर आतल्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. तिथं भाताची खाचरं, आणि माझा बा गाडीवान.

लग्न मार्गशीर्षात झालं. अंगावरची हळद उतरायच्या आत मला ताप भरला आणि तो हटेचना. मला त्यातलं काही आठवत नाही. मागाहून कळलं की मला अंथरुणावरून खाली घेतलं होतं, तोंडात पाणी घालायला माणसं जमली होती. पण ताप उतरला. पौषात मी भिंतीला धरून उठले आणि माघात यांचे पाय वळायला लागले.

पोटरीत गोळा यायचा. चालता-बोलता मांस आकसून वर चढायचं आणि दगडासारखं घट्ट व्हायचं. हे दात आवळून खाली बसायचे, पायाचा अंगठा धरून स्वतःकडे ओढायचे, तेव्हा कुठं तो गोळा हळूहळू सुटायचा. पुढं फाल्गुनाचं ऊन चढलं तसे एका दिवसात चार-चारदा पेटके येऊ लागले. कधी पोटरीला, कधी मांडीला, कधी दोन्हीकडे एकदम.

उपाय तर ज्याच्या त्याच्या तोंडी. करंजेल कोमट करून चोळा, कुणी म्हणे खालून वर, कुणी म्हणे वरून खाली. निगडीचा पाला उकळून त्या पाण्यात पाय बुडवा. पोटरीला काळा दोरा बांधा. अंथरुणाखाली विळा ठेवा. कोकमाचं पाणी पाजा. कारणंही तितकीच. वात झाला, थंडीत पाय उघडे राहिले, शिरेवर शीर चढली. चावडीपुढचे म्हातारे डोळे मिचकावत म्हणायचे, नवीन लगीन हाय बाबा, पाय वळनारच. आम्ही सगळं केलं. तेल वरून खाली चोळलं, खालून वर चोळलं. दोरा बांधला, विळा ठेवला. गोळे यायचे राहिले नाहीत.

सगळे उपाय थकले की सुनेचा पायगुण तेवढा उरतो.

हे मला पहिल्यांदा ऐकवलं शेजारच्या हिरीवयनीनं, विहिरीवर. लग्नाआधी जोमाभावजी उघाडीच्या खांबावरून उडी मारून जायचे, तिनं सांगितलं, आता बघ. आणि मग दुसरीकडे बघत म्हणाली, लोक बोलतात बाय, पांढऱ्या पायाची आली म्हनून. मी माझ्या पायांकडे बघितलं. अख्ख्या गावाचे पाय मिठानं पांढरे पडलेले, माझेच तेवढे काळे होते. हसू आलं मला, पण हिरीवयनी हसली नाही. शेजारच्या पाड्यातली एक सून अशीच पायगुणावरून माहेरी धाडली होती. चार दिवस राहून ये, म्हणून धाडली. तिला परत आणायला कुणी गेलं नाही.

तेव्हापासून मी आत्याला नीट बघायला लागले. जितकं बघितलं तितका संशय वाढला. मी आजारातून उठून चुलीपाशी गेले त्याच दिवसापासून तिनं यांचं मडकं वेगळं केलं होतं. त्याला मला हात लावू देत नव्हती. पेज शिजली की आधी त्यांची ओतून काढायची, मग आमच्या मडक्यात पळी घालायची. मडकं घासायचीही तीच. हे रात्री घरी यायचे तेव्हा कालवणाला, सुक्या मासळीला हात लावत नव्हते. तोंडाला चव नाही म्हणायचे. वाटायचं, माझ्या हातचं नको असेल. विचारलं तर हसायचे आणि विषय बदलायचे. मायलेक कधी कधी हळू बोलत असायचे आणि मी आत आले की गप्प व्हायचे.

आत्या मडकं घेऊन गेली त्या दिवशी दुपारी दोन गडी यांना खांद्यांवर घेऊन आले. उघाडीची फळी पाडायला हे पाण्यात उतरले होते, भरती चढत होती, आणि तिथंच दोन्ही पाय एकदम वळले. कमरेइतकं पाणी छातीला लागलं. बांधावरच्या गड्यांनी ओढून काढलं म्हणून वाचले. आणणारा एक गडी मुकादमाचा निरोपही घेऊन आला होता. असं परत झालं तर उघाडीवर दुसरा माणूस बघावा लागेल.

आत्यानं तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधून पुरचुंडी केली आणि त्यांच्या पोटऱ्या शेकायला बसली. मी अंगठा ओढायला पुढं झाले.

"तू लांब राव," ती म्हणाली.

"आत्या, मी..."

"तुझ्यापायी होतंय हे सगलं. कलतंय काय? तुझ्यापायी."

"आय, गप," हे डोळे मिटूनच म्हणाले.

एवढंच. मला वाटलं, आता तरी काही बोलतील, माझ्या बाजूनं एक शब्द. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बाहेर पडवीत येऊन उभी राहिले. आत पुरचुंडीतलं मीठ तडतडत होतं, आणि आत्या त्याच गड्याला सांगत होती की बाजारच्या वाटेनं जाशील तर हिच्या बापाला निरोप दे, उद्या गाडी घेऊन ये म्हनावं, लेकीला चार दिवस घेऊन जा.

हिरीवयनी कुडापलीकडून सगळं ऐकत होती. संध्याकाळी पाण्याला जाताना तिनं मला गाठलं. तुझी सासू माघात भगताकडे गेलेली, मी बघितलीय, म्हणाली. मानसाचं मन बायकोवरून उडवायचं तर खान्यातून देतात काय बाय. त्याच्या मडक्यात काय हाय ते बघितलंस कधी?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे लंगडत कामावर गेले. आत्यानं पेज शिजवली, धाकटं मडकं फडकं बांधून कोपऱ्यात ठेवलं आणि कळशी घेऊन विहिरीवर गेली. जाताना दारातून एकदा वळून बघितलं. मी तांदूळ निवडत होते. ती वाकणावरून दिसेनाशी झाली तशी मी उठले. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवली. आत वेगळं काही दिसेना. ना मुळी, ना अंगारा, ना कसला वास. बोट बुडवून जिभेला लावलं.

अळणी. मिठाचा कणसुद्धा नव्हता.

आधी वाटलं, विसरली असेल. मग आठवलं. अळणी भात कुणाला घालतात ते मला ठाऊक होतं. देवाच्या पानात मीठ वाढत नाहीत, आणि तिठ्यावर ठेवायच्या उताऱ्यात घालत नाहीत. जित्या माणसाला कुणी रोज अळणी वाढत नाही, आणि तेही मिठाच्या गावात. इथं मीठ दाराशी, अंगणात, केसांत सुद्धा. म्हणजे हिरीवयनी म्हणत होती ते खरं. माझा नवरा रोज उतारा खात होता, आणि आई आपल्या हातानं तो नेऊन देत होती.

मी गाठ होती तशी बांधली आणि तांदळाशी येऊन बसले. बा आला की त्याच्यासमोर मडकं उघडायचं ठरवलं. मला जायचं तर जाईन, पण पायगुण कपाळावर घेऊन जाणार नाही.

बा ऊन चढल्यावर पोचला. पहाटेचा निघालेला. बैलांच्या पाठी घामानं काळ्या झाल्या होत्या आणि तोंडाला फेस आला होता. बानं माझ्याकडे बघितलं. गाडी सोडली, बैल आंब्याला बांधले आणि आत्याला म्हणाला, "विहीणबाई, मूठभर मीठ द्याल का?"

"मिठाच्या गावात येऊन मूठभर मागता?" आत्या म्हणाली. पण ओंजळ भरून घेऊन आली.

बानं एका बैलाचा जबडा धरला, जीभ बाजूला ओढली आणि मिठाची चिमूट तिच्यावर चोळली. बैल चाटत राहिला. मी हे लहानपणापासून बघत आले होते. आत्यानं बघितलं नव्हतं. पाणी द्यायचं सोडून मीठ का चोळता, तिनं विचारलं.

"पाणी नंतर. आधी मीठ. बैलाचं मीठ घामातून जातं, विहीणबाई. ते भरून दिलं नाही तर चढावर पाय आखडतो. मांडीत असा गोळा येतो की जनावर उभ्या जागी बसतं. माझा पहिला ढवळ्या घाटात असाच बसला होता, भरल्या गाडीसकट. नुसतं पाणी पाजून उठेना. मीठ चाटवलं तेव्हा उठला."

आत्याची ओंजळ पुढं केलेली तशीच राहिली. तिच्या बोटांतून मीठ खाली सांडत होतं आणि तिला कळत नव्हतं. मी तिचा चेहरा बघत होते, कारण सकाळपासून मी दुसरं काही बघतच नव्हते. तो पांढराफटक पडला. मला वाटलं, हिची चोरी उघडी पडली.

मी आत जाऊन मडकं आणलं आणि बापुढं धरलं.

"बा, ही पेज चाख."

बानं बोट बुडवलं. "मीठ राहिलंय," म्हणाला.

"राहिलं नाही. घातलंच नाही. रोज घालत नाहीत. फक्त यांच्या मडक्यात." मी आत्याकडे वळले. "कुठल्या भगतानं सांगितलं, आत्या? रोज यांना उतारा घालता, तो कशासाठी?"

आत्या ओट्यावर बसली. ओंजळ उघडली, उरलेलं मीठ मांडीवर पडलं.

"उतारा?" ती म्हणाली. "भगताकडे गेले ती त्याच्या पायांचा दोरा आनायला. माझ्या पोराला मी उतारा घालीन?"

"मग काय आहे हे?"

"विचारू नको."

"विचारणार. पायगुण माझा आणि हात तुमचा. लोकांना कळू दे."

"पायगुन कोन बोललं तुला? मी बोलले? मी बोलले तुझ्यापायी. तुझ्यापायी होतंय, तुझ्यापायी तो अलनी खातोय. तुला खाली घेतली होती तवा हा जरीआयच्या देवलात गेला नि बोलून आला. ही उठली तर वरीसभर मीठ तोंडाला लावनार नाय."

बैलांनी पाण्यासाठी माना ओढल्या. बा त्यांच्याकडे गेला नाही.

तुझ्यापायी. कालपासून तो शब्द माझ्या कानांत होता. प्रत्येक वेळी मला त्यात माझे पाय ऐकू येत होते.

"मला का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"नवस सांगितला की मोडतो. सांगायचा नसतो कोनाला. मना बी त्यानं सांगितला तो रांधायला लागतं म्हनून." ती मांडीवरचं मीठ एका बाजूला सारत होती, परत दुसऱ्या बाजूला सारत होती. "तू मडक्याभोवती फिरायचीस. आज ना उद्या मीठ टाकलं असतंस, चांगल्या मनानं टाकलं असतंस, नि मग तुझं काय झालं असतं? म्हनून तुला धाडत होते. नि राग पन होता. खोटं का बोलू? एकुलता एक पोर नि तो त्या उघाडीत..."

 मग बाच्याकडे बघून तिनं विचारलं, "मानसाचं पन तसंच होतं काय? बैलासारखं?"

"घाम तोच आहे की," बा म्हणाला.

"आमच्यात बोलतात, मिठात उभ्या मानसाला मीठ पायांतून चढतं. माझा सासरा बोलायचा, नवरा बोलायचा. जोमा तर हसून बोलला, आय, मना काय जड हाय, मी दिवसभर मिठातच उभा. उन्हात उभं राहून ते गलून जातं, हे कोनाच्या मनात येईल?"

मी घरात गेले. मिठाच्या मडक्यात हात घातला आणि मूठ भरून बाहेर आले. वर्षभर म्हणजे अजून नऊ-दहा महिने होते, आणि उघाडीला रोज दोनदा भरती येत होती. नवस माझ्या जिवावर बोललेला होता. मोडला तर माझंच जाणार होतं. मी त्यावर फार विचार केला असं नाही. मडक्यावरचं फडकं दूर केलं.

आत्यानं मडकं माझ्या हाताखालून ओढून घेतलं.

"तू नको," ती म्हणाली.

"माझ्यासाठी बोलले आहेत ना? मग मीच सोडवते."

"अक्कल हाय काय तुला? जिच्यासाठी बोलला तिनंच मोडला तर देवी काय समजंल? नि तुला काय झालं तर तो येडा आनखी एक नवस बोलंल. मिठासंगं पानी पन सोडंल मग." तिनं माझी मूठ उलगडली आणि त्यातलं मीठ आपल्या हातात घेतलं. "मी सांगितला तवाच मोडला. माझ्या तोंडून मोडला. माझ्या नावावर जाव दे."

तिनं डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. चिमूट टाकली, पळीनं ढवळली, बोटानं चाखली आणि आणखी एक चिमूट टाकली. तरीही मी वाकून बघितलं. तिनं खरंच मीठ टाकलं की नुसता हात हलवला, ते मला बघायचं होतं. तिनं ते ओळखलं आणि पळी माझ्या तोंडापुढं धरली.

"चाख. संशयी बाई."

मी चाखली. पेजेला चव होती.

बाला तिनं सांगितलं, तुमची लेक येत नाय, पन गाडी रिकामी नेऊ नका, दोन पाट्या मीठ भरून न्या, बैलांना चाटवा. बा आमच्या दोघींकडे आलटून पालटून बघत होता. त्याला अजून पूर्ण पटलं नव्हतं. लेकीला न्यायला बोलावलं होतं आणि आता मीठ न्यायला सांगत होते.  शेवटी बैलांना पाणी दाखवायला गेला.

आम्ही दोघी बांधानं निघालो. मडकं तिच्या डोक्यावर, मी मागं. वाटेत ती एकदाच बोलली, त्याला सांगायचं नाय. तो वाफ्याच्या कडेला जेवायला बसेल, पोट भरेल, कळलं तर कळलं.

हे मिठाच्या राशीच्या सावलीला बसले होते, पाय लांब करून, एका हातानं पोटरी दाबत. शेजारी चार-पाच गडी आपापली फडकी सोडून जेवत होते. मला बघून यांनी मान वर केली. मी आगरावर कधी जात नव्हते. आत्यानं मडकं पुढं ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून एक घोट घेतला.

आणि थांबले. पेज तोंडातच राहिली.

ओठांवर तर दिवसभर मीठ असतंच, म्हणून घोटभर कळणार नाही असं आत्याला वाटलं होतं. पण इतक्या दिवसांनी मीठ खाणाऱ्याला ते कळतं. त्यांनी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. थुंकावं की गिळावं, ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

"कोनी शिजवली?"

"मी," आत्या म्हणाली. "मीच शिजवली, मीच घातलं. हिनं नाय. गिल आता."

त्यांनी गिळलं. मग मडकं खाली ठेवलं आणि सगळ्या गड्यांच्या देखत, स्वतःच्या आईच्या देखत, हात लांब करून पालथा पंजा माझ्या कपाळाला लावला. भर दिवसा, चार माणसांत, नवऱ्यानं बायकोला हात लावायचे ते दिवस नव्हते. एका गड्याचा घास हातातच राहिला. यांना कुणी दिसत नव्हतं. ते हात तिथंच ठेवून वाट बघत होते, ताप चढतोय का, हे.

"गार हाय काय?" आत्यानं विचारलं.

"हाय."

"मग पी."

त्यांनी दुसरा घोट घेतला आणि पुन्हा माझ्या कपाळाला हात लावला.